बटण दाबण्याआधी वाक्य पुरतं वाचा



या महिन्याचा धडा मोबाईलवरच्या बटणांचा. 'होय', 'नाही', 'पे' हे शब्द एवढेसे, पण आपले पैसे त्यांच्यावर अडकतात.

लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सप्टेंबर 2025 मध्ये सुरू झाली, मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली. त्यात एक वाक्य होतं. अर्थ असा, की माझ्या कुटुंबातील कोणी कायम सरकारी नोकरीत नाही आणि निवृत्तिवेतनही घेत नाही. त्यापुढे दोन पर्याय: होय आणि नाही.

आता आपलं बोलणं बघा. "घरात कुणी सरकारी नोकरीत नाही ना?" असं विचारलं, तर आपण सहज म्हणतो, "नाही." बोलताना ते बरोबरच. पण फॉर्म 'नाही'चा अर्थ वेगळा लावतो: हे वाक्य मला लागू नाही. म्हणजे घरात कोणीतरी सरकारी नोकरीत आहे! राज्यात लाखो बहिणींचं असंच झालं आणि दीड हजाराचा हप्ता अडकला. शेवटी जानेवारी 2026 मध्ये अंगणवाडी सेविकांमार्फत प्रत्यक्ष पडताळणी करायचं ठरलं. यात बायकांचं शिक्षण कमी पडलं नाही, वाक्याची रचनाच फसवी होती.

म्हणून पहिला नियम: वाक्यात 'नाही' दिसलं की थांबा. स्वतःला विचारा, "हे अख्खं वाक्य माझ्यासाठी खरं आहे का?" खरं असेल तर 'होय'. खोटं असेल तर 'नाही'.

दुसरी गोष्ट यूपीआयची. "तुमचे पैसे पाठवतोय, फक्त पिन टाका," असा फोन येतो. स्क्रीनवर मात्र 'पे' लिहिलेलं असतं, म्हणजे पैसे द्या. अशा फसवणुकीमुळे एका माणसाने दुसऱ्याकडे यूपीआयवर पैशाची मागणी पाठवण्याची सोय 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद झाली. तरी क्यूआर कोड पाठवून फसवणारे आहेतच. नियम दुसरा: पैसे यायला पिन लागत नाही, कोड स्कॅनही करावा लागत नाही. समोरचा काहीही सांगो, बटणावरचा शब्द वाचा.

काही वेळा शब्द मुद्दामच असे ठेवतात. 'हो, मला विमा हवा' हे बटण मोठं आणि रंगीत, तर नकाराचं बटण बारीक, वर 'मला सुरक्षा नको' असं लाजवणारं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी अशा 13 फसव्या प्रकारांना मनाई केली. न विचारता बिलात वस्तू घालणं, गोंधळात टाकणारा प्रश्न विचारणं, वर्गणी बंद करणं अवघड ठेवणं, हे सगळे त्यात येतात. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन 1915. पैसे गेलेच, तर लगेच 1930 ला फोन करा. जितका लवकर, तितकी रक्कम थांबण्याची आशा जास्त.

पुढच्या बैठकीचा अभ्यास: फलटण तालुक्यातल्या प्रत्येक गटाने हप्ते-बचत झाल्यावर दहा मिनिटं काढावीत. एका ताईने खालची वाक्यं मोठ्याने वाचावीत, बाकीच्यांनी 'होय' की 'नाही' ते सांगावं, आणि का तेही.

1. माझ्यावर कोणत्याही बँकेचं कर्ज थकीत नाही.
2. मला जाहिरातीचे मेसेज नको आहेत.
3. माझ्या नावावर शेतजमीन नाही.

उत्तरं प्रत्येकीची वेगळी येतील. पण सेवा केंद्रात फॉर्म दुसऱ्याने भरला, तरी सही-अंगठा आपला असतो. 'सबमिट' दाबण्याआधी "दादा, आधी वाचून दाखवा," एवढं म्हणायला लाजू नका.