वर्षाला तीन मिलिमीटर

मंडळी, मॅगझिनच्या मराठी विभागात प्रेम, पाऊस आणि सबमिशन या तीनच विषयांवर लिहायचं, असा आपल्याकडे अलिखित नियम आहे. मी निवडुंगावर लिहितोय. घाबरू नका, पाऊस आणि सबमिशन दोन्ही यात येतं.

सुरुवात माझ्या एका गाढवपणापासून करतो. फर्स्ट इयरची परीक्षा संपली, ॲप्लाइड मेकॅनिक्स सुटेल की नाही ही धाकधूक होती, आणि अशा वेळी माणूस नको ते करतो. मी मोबाइलवर एक झाड बघितलं. झाड कसलं, दगडच! राखाडी-हिरवा, भेगाळलेला, मुठीएवढा, मधोमध पांढरी लोकर. काटा एकही नाही. नाव आरियोकार्पस फिसुराटस. साठवलेल्या पैशांतले साडेचार हजार गेले. आईला साडेचारशे सांगितले. (आई, हा अंक तुझ्या हातात पडला तर आता कळलंच.)

पार्सल आलं. कुंडीत तळाला खडी, वर लाल माती, मधोमध महाशय, आणि कुंडी आमच्या वर्तकनगरच्या गॅलरीच्या कठड्यावर. जूनमध्ये पाऊस सुरू झाला. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मी त्याला बोटाने सहज दाबलं तर बोट आत गेलं.

तळमजल्यावर एक काका राहतात. कंपनीतून रिटायर झालेले, चाळीस वर्षं कॅक्टसचा नाद. त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी ब्लेडने मधोमध कापलं. आत तपकिरी चिखल, आणि खाली मूळ जिथे असायला हवं तिथे सपाट कापलेली जुनी जखम. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, हा तुझ्यापेक्षा मोठा होता. कदाचित तुझ्या बाबांपेक्षाही."

मला वाटलं काका वाढवून सांगतायत. म्हणून वाचायला लागलो.

आधी एक गोष्ट. येऊरच्या चढावर किंवा गडांवर ज्याला आपण निवडुंग म्हणतो, जो मोडला की पांढरा चीक येतो, तो कॅक्टस नाहीच. तो युफोर्बिया, म्हणजे एरंडाच्या कुळातला. कॅक्टसचं कूळ अमेरिका खंडांतलं, एखाददुसरा अपवाद सोडला तर. आपल्याकडचा फड्या निवडुंग खरा कॅक्टस, पण तो पाहुणा आहे, माणसांनी आणलेला. ओळखायची खूण म्हणजे कॅक्टसचे काटे एका छोट्या मऊ गादीतून येतात. आरियोकार्पसला ती गादी आहे, पण तिच्यातून काट्याऐवजी लोकर येते. गंमत अशी की बी रुजल्यावर कोवळ्या रोपाला बारीक काटे असतात आणि मोठं होताना ते जातात. पूर्वज काटेरी होते याचा तो पुरावा.

काटे नाहीत तर मग खात कसं नाही कुणी? एक तर ते दिसत नाही. मेक्सिकोच्या चुनखडीच्या टेकड्यांवर ते जमिनीच्या पातळीत बसलेलं असतं, वर धूळ, आजूबाजूला त्याच रंगाचे दगड. इंग्रजीत त्याला 'जिवंत दगड' म्हणतात ते उगीच नाही. मूळ गाजरासारखं जाड, वरच्या भागापेक्षा मोठं, आणि कोरड्या दिवसांत ते आकसून झाडाला खाली ओढतं. आपण पाइल फाउंडेशन शिकतो, इथे पाइलच इमारतीला जमिनीत खेचतो! दुसरं म्हणजे अंगात कडू अल्कलॉइड्स असतात. त्यातलं हॉर्डेनिन बार्लीच्या अंकुरातही सापडतं. शिवाय आत चिकट डिंकासारखा रस असतो, आणि मेक्सिकोत लोक तो फुटकी मडकी चिकटवायला वापरत आले आहेत.

आता हळू वाढण्याचं गणित. पाच सेंटिमीटर त्रिज्येचा गोळा घ्या. क्षेत्रफळ साधारण ३१४ चौ.सें.मी., घनफळ ५२४ घन सें.मी., म्हणजे गुणोत्तर ०.६. याउलट ०.३ मि.मी. जाडीचं साधं पान घेतलं तर तेच गुणोत्तर ६७ च्या आसपास येतं. म्हणजे पाण्याच्या तेवढ्याच साठ्यामागे बाष्पीभवनाला शंभरपट कमी जागा. उत्तम डिझाइन! पण ऊन पकडायलाही तीच जागा, तीही शंभरपट कमी, आणि त्यातला मोठा भाग मातीखाली. वर हे झाड दिवसा रंध्रं बंद ठेवतं. रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड घेतं, मॅलिक ॲसिडच्या रूपात साठवतं आणि सकाळी दार लावून उन्हात वापरतं. त्या साठ्याला मर्यादा असते. जे थोडंफार उरतं त्यातलं बरंचसं मूळ खाऊन टाकतं.

परिणाम? पहिल्या वर्षाच्या शेवटी रोप मुगाच्या दाण्याएवढं. पुढे वर्षाला काही मिलिमीटर. तीन धरले तर दिवसाला ०.००८ मि.मी. केसाच्या जाडीएवढं वाढायला आठ-नऊ दिवस. आपलं नख महिन्यात जेवढं वाढतं तेवढं हे वर्षभरात. स्वतःच्या मुळावर वाढलेल्या झाडाला पहिलं फूल यायला आठ-दहा वर्षं सहज लागतात. रानात, दुष्काळ धरून, त्याहून कितीतरी जास्त. माझ्या मुठीएवढ्या झाडाचा हिशेब मी तीन-चारदा केला. काका वाढवून सांगत नव्हते.

ही प्रजाती १८३८ साली शाइडवायलर याने नोंदवली. जाती मोजक्या, वनस्पतिशास्त्रज्ञांच्या भांडणावर अवलंबून सहा किंवा सात. रेटुसस सगळ्यात मोठी, वीत-दीड वितीच्या आत, फूल पांढरं ते फिकट गुलाबी. ट्रायगोनसचे त्रिकोणी फुगवटे लांब आणि फूल पिवळसर. काही जण तिला रेटुससचीच उपजात धरतात. फिसुराटस, म्हणजे माझी, मेक्सिकोची हद्द ओलांडून टेक्सासपर्यंत पोचलेली एकटीच. कोचुबेयानस हे नाव एका रशियन प्रिन्सच्या सन्मानार्थ. ती गाळाच्या सपाट जमिनीत अशी रुतून बसते की पाय पडला तरी कळू नये. अगावॉइडिस छोट्या घायपातीसारखी. स्कॅफिरोस्ट्रिस म्हणजे होडीच्या चोचीसारखी, आणि तिचा मुलूख इतका छोटा की एखादी चिकाटीची टोळी तो रिकामा करू शकेल. ब्राव्होआनस मला सगळ्यात आवडते, कारण तिची नोंद थेट १९९२ मधली. इतकी वर्षं लोकांच्या पायाखाली होती आणि दिसली नाही. नाव हेलिया ब्राव्हो होलिस या मेक्सिकन बाईंवरून. त्या कॅक्टसच्या मोठ्या अभ्यासक, १९०१ साली जन्मल्या आणि २००१ साली गेल्या. हळू वाढणाऱ्या झाडाला शोभेल असं आयुष्य!

फुलं सगळ्यांची शरदात, आपल्या दिवाळीच्या आगेमागे. झाड मरतुकडं दिसत असताना लोकरीतून अचानक त्याच्याच रुंदीचं फूल येतं आणि तीन-चार दिवसांत मिटतं.

आणि इथेच घोळ आहे. जी वस्तू तयार व्हायला वीस-तीस वर्षं लागतात ती कारखान्यात कोण बनवत बसणार? पहार घेऊन टेकडीवर गेलं की तासाभरात पोतं भरतं. २०१५ मध्ये कॅक्टसच्या १,४७८ जातींची जागतिक पाहणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या ३१ टक्के धोक्यात निघाल्या, आणि मोठ्या कारणांत एक होतं शौकिनांसाठी केलेली उचल. म्हणजे मी. आरियोकार्पसची सगळी प्रजाती सायटिस कराराच्या पहिल्या, सर्वांत कडक यादीत आहे. रानातून काढलेल्या झाडाचा देशोदेशींचा व्यापार त्यात बंद. भारत १९७६ पासून या करारात आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीने आपल्या वन्यजीव कायद्यातही या यादीतल्या जातींसाठी वेगळी अनुसूची आली. तरी खणणं चालूच असतं. २०१० च्या दशकात टेक्सासच्या बिग बेंड भागातून उपटलेले हजारो 'जिवंत दगड' पकडले गेले, आणि ते सांभाळायला सुल रॉस स्टेट युनिव्हर्सिटीच्या ग्रीनहाउसमध्ये ठेवावे लागले. पकडल्यावर पुन्हा रोवून टाकणं सोपं नसतं. कुठल्या टेकडीवरचं कुठलं, हे झाड सांगत नाही.

माझं झाड रानातलंच होतं असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण काकांनी खुणा दाखवल्या. खालच्या फुगवट्यांवर जुने चरे, कडा झिजलेल्या, लोकरीत घट्ट बसलेली चुनखडीची कच, आकार एका बाजूला कललेला, आणि मुख्य मूळ तोडून त्यावर गंधकाची पूड. नर्सरीत बियांपासून वाढलेलं झाड गुळगुळीत, सारखं आणि अख्ख्या मुळाचं असतं. आणि अर्थात लहान असतं. मुठीएवढं झाड वाजवी किमतीत मिळालं तर ती वर्षं कुणाच्या तरी टेकडीवरून आली आहेत, असं काकांचं म्हणणं.

आपल्याकडेही असला प्रकार आहे बरं का. शिवसुमन नावाची वनस्पती, शास्त्रीय पुस्तकांत फ्रेरिया इंडिका. १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या बार्टल फ्रिअरवरून हे नाव. जगात फक्त महाराष्ट्रात, शिवनेरी-जुन्नरसारख्या भागांतल्या कड्यांवर. कॅक्टस नाही, रुईच्या गोतातली, पण मांसल, बिनकाट्याची आणि खडकाला बिलगलेली. पावसाळ्यात पानं, उन्हाळ्यात नुसतं हिरवं खोड, फूल तपकिरी-लाल, त्यावर पिवळी नक्षी. एकाने लपून जीव वाचवला, एकीने कड्यावर चढून. फर्स्ट इयरला ट्रेकला गेलो असतो आणि हाताला लागली असती, तर मी फांदी मोडून आणली असती हे कबूल करतो.

आता मारलं कशाने ते सांगतो, कारण त्यात आपला सिलॅबस आहे. ठाण्याला वर्षाला साधारण २,५०० मि.मी. पाऊस. चिहुआहुआच्या वाळवंटात अडीचशेच्या आसपास. दहापट! पण नुसता पाऊस नाही, दोषी माझी कुंडी. "तळाला खडी टाक, निचरा होतो" हे आपल्याला प्रत्येक आजीने सांगितलंय. होत नाही! कॅपिलरी राइज आठवा, शाळेतलं केशाकर्षण. मातीतल्या पोकळीची त्रिज्या ०.१ मि.मी. असेल तर पाणी जवळजवळ १५ सें.मी. उंचीपर्यंत धरून ठेवलं जातं. माझी कुंडी दहा सेंटिमीटरची. म्हणजे भोकातून पाणी ठिबकायचं थांबलं तरी अख्खी माती तुडुंब. खाली खडी टाकली की ते पाणी खडीत उतरत नाही, बारीक मातीतच लटकून राहतं. ओला थर तेवढाच, फक्त मुळाच्या अधिक जवळ आणला. मी खडी टाकून पाणी वर उचललं होतं. इंजिनिअर!

उपाय एकच, पोकळ्या मोठ्या करा, आणि सगळ्या कुंडीत सारख्या. त्रिज्या १ मि.मी. केली तर तोच आकडा दीड सेंटिमीटरवर येतो. मग जिओटेक लॅबमध्ये मामांना चहा पाजून मी विटांचा चुरा आणि चुनखडीची कच सीव्ह शेकरला लावली. ४.७५ मि.मी.मधून गेलेलं आणि २.३६ वर राहिलेलं ठेवायचं, बाकी सगळं फेकायचं, धूळ धुऊन काढायची. मामांनी विचारलं, "कुठला प्रोजेक्ट?" मी म्हटलं, फाउंडेशनचा. खोटं नाही ते. जून ते सप्टेंबर वर छप्पर आणि पाणी जवळजवळ बंद, कारण भोवतालची दमट हवाच पुष्कळ. ऑक्टोबर हीटला कळ्या दिसल्या की थोडं पाणी. बस्स.

घाई असणाऱ्यांसाठी कलमाचा शॉर्टकट आहे. इवलंसं रोप ड्रॅगन फ्रूटसारख्या जोमदार खोडावर बसवायचं, दोन-तीन वर्षांत फूल. धंद्यासाठी आणि रानातली उचल कमी व्हावी म्हणून हे चांगलंच. पण काकांच्या मते ते झाड इंजेक्शन देऊन फुगवलेल्या पैलवानासारखं दिसतं, आणि मला त्यांचं पटतं.

काकांकडे रेटुससची दोन झाडं आहेत, त्यांनी स्वतः बियांपासून वाढवलेली. एका झाडाचे स्वतःचेच पराग सहसा चालत नाहीत, म्हणून दिवाळीत ते रंगाच्या ब्रशने या फुलातून त्या फुलात पराग नेतात. फळ लोकरीत लपतं. बिया काही महिन्यांनी चिमट्याने शोधाव्या लागतात. त्यातल्या चाळीस बिया त्यांनी मला सेकंड इयरच्या फेब्रुवारीत दिल्या, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात पेरायला लावल्या आणि म्हणाले, "झाकण लाव आणि विसर."

सव्वीस रुजल्या. बुरशीने बऱ्याच नेल्या, चार मी हलवताना मोडल्या. आज अकरा आहेत. सगळ्यात मोठं रोप ७.२ मि.मी., व्हर्नियरने मोजलेलं, लीस्ट काउंट ०.०२. मे महिन्यात ६.८ होतं. त्याला अजून काटे आहेत, भिंगातून दिसतात.

आमची बिल्डिंग आता रिडेव्हलपमेंटला चाललीय. भाड्याच्या घराला गॅलरी असेल का, हे बघायला आई-बाबा रविवारी कळव्याला जाऊन आले. काका मुलाकडे डोंबिवलीला जाणार आहेत. त्यांची दोन झाडं जातील त्यांच्याबरोबर, पण पुस्तकं आणि ब्रश त्यांनी माझ्याकडे दिला. मी म्हटलं, "काका, ब्रश कशाला, मला अजून आठ वर्षं आहेत." ते म्हणाले, "म्हणूनच आत्ता देतोय."