डफ उतरायच्या आत

पुणे,
महाशिवरात्रीचा दुसरा दिवस

चि. भाच्यास,


ताईने काल फोनवर सांगितलं ते मनातून जात नाही. दिग्रसकडच्या बंजारा तांड्यावरची मंडळी होळीची लेंगी गाणी रेकॉर्ड करायला तुझ्याकडे आली. अंगणात पाचोळा पेटवून त्यांनी डफ तापवला, माइकसमोर बसली, आणि तुझा कॉम्प्युटर प्लगइन स्कॅन करता करता अडकला. वाट पाहण्यात डफ उतरला. पुन्हा तापवला, पुन्हा उतरला. शेवटी चहा घेऊन माणसं परत गेली. मी रागावलेलो नाही. पण त्यांची एक दिवसाची मजुरी बुडाली, हे विसरू नकोस.

आदल्या रात्री तू मित्राच्या हार्ड डिस्कवरून प्लगइनचा अख्खा ढीग ओतलास ना, तिथेच घोळ झाला. रीपर, म्हणजे आपलं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, उघडताना सांगितलेल्या फोल्डरमधल्या प्रत्येक नव्या फाइलीला उठवून विचारतो, तू कोण, काय करतेस. एखादी मोडकी निघाली की तिच्यापाशीच तो अडून बसतो. त्या ढिगात ३२ बिटच्या जुन्या फाइली असणार, क्रॅक केलेल्याही असणार. क्रॅक आजच काढून टाक. त्यातून व्हायरस येतो हे तर आहेच, पण दुसऱ्याच्या मेहनतीचं फुकट घ्यायचं आणि आपल्या रेकॉर्डिंगचे पैसे मागायचे, हे आपल्या घरात बसत नाही. रीपर ६० दिवस वापरून बघता येतो, पुढे छोट्या धंद्यासाठी ६० डॉलरचा परवाना आहे. पहिल्या दोन-तीन कामांतून तो घे. त्यातले रीईक्यू आणि रीकॉम्प एवढ्यावर तुझं वर्षभर भागेल. वर टीडीआर नोव्हा आणि व्हल्हाला सुपरमॅसिव्ह घे, दोन्ही मोफत आहेत.

आता मांडणी. स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये व्हीएसटी हे प्लगइनचं मानक आणलं, तेव्हा प्लगइन कुठे ठेवायचं याला धरबंध नव्हता. ज्याने त्याने वाटेल तिथे फोल्डर केलं. २००८ च्या व्हीएसटी ३ ने जागा ठरवून दिली: सी ड्राइव्ह, प्रोग्राम फाइल्स, त्यात कॉमन फाइल्स, त्यात व्हीएसटी३. ती जागा हलवू नकोस. मिळेल तिथे व्हीएसटी ३ च टाक. जुन्या पद्धतीचं एखादं लागलंच तर त्याला एकच फोल्डर दे आणि रीपरला तेवढंच दाखव. तबला-सतारीच्या आवाजांच्या लायब्रऱ्या मात्र अनेक जीबींच्या असतात, त्या वेगळ्या एसएसडीवर.

एका वेळी एकच प्लगइन टाकायचं. रीपर उघडायचा, ते चालवून बघायचं, मगच दुसरं. म्हणजे बिघाड झाला तर चोर लगेच सापडतो.

रीपरच्या इफेक्टच्या खिडकीत स्वतःची फोल्डरं करता येतात. ती कंपनीच्या नावाने करू नकोस, कामाच्या नावाने कर. माझी चार आहेत: गळा, चामडं, जागा, शेवटचा हात. गाणारी बाई समोर उभी असताना कंपनी आठवत नाही, तिचा ‘स’ टोचतोय एवढंच कळतं. मग हात थेट ‘गळा’वर जातो. डफ ‘चामडं’मध्ये. त्याला कॉम्प्रेसर जपून लाव. हाताची पहिली थाप दाबली गेली की डफ पुठ्ठ्यासारखा वाजतो.

आणि एक वही कर. प्लगइनचं नाव, आवृत्ती, कुठून घेतलं, कुठल्या ईमेलवर नोंदवलं, तारीख. इन्स्टॉलरची फाइल पेनड्राइव्हवर जपायची. मी हे केलं नव्हतं. मशीन बदलल्यावर एका अभंगाचा जुना प्रोजेक्ट उघडला तर पेटीचा ट्रॅक मुका. ती पेटी एका मोफत प्लगइनची होती, आणि ते कुठून घेतलं होतं ते काही केल्या आठवेना. पेटी नव्याने वाजवून घ्यावी लागली. गळा शाबूत होता, कारण त्याची वेव्ह फाइल होती. तेव्हापासून काम संपलं की प्लगइनवर वाजवलेला प्रत्येक ट्रॅक मी वेव्ह करून ठेवतो. तांड्यावरच्या आयाबायांचा आवाज इफेक्ट न लावता आधी दोन ठिकाणी ठेव. त्यातल्या कितीतरी लेंग्या अजून कागदावर आलेल्या नाहीत.

होळीला पंधरवडा आहे. त्या मंडळींकडे तू स्वतः जा, फोनवर भागवू नकोस. माफी माग, जाण्यायेण्याचं भाडं दे आणि त्यांच्या सोयीचा दिवस घे. त्याच्या आठवडाभर आधीपासून नवं काही टाकायचं नाही, अपडेटही नाही. त्या दिवशी ती मंडळी एसटीतून उतरायच्या आत रीपर उघडून, ट्रॅक लावून, एक चाचणी रेकॉर्डिंग करून ठेव. डफ त्यानंतर तापू दे.

शनिवारी रात्री जेवण झाल्यावर फोन कर. वही घेऊन बस. ‘गळा’ आपण दोघं मिळून लावू.

ताईला नमस्कार.

तुझा,
मामा