अंगणातील छायाबाग आणि ब्राह्मीचा संभ्रम

नंदुरबारच्या सपाटीवर उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. अशा ठिकाणी वैद्याने अंगणात वनौषधी लावावयाच्या, तर प्रथम सावली निर्माण करावी लागते. दाहक ऊन येते ते पश्चिमेकडून. म्हणून त्या बाजूस अडुळसा व निर्गुंडी यांचे दाट कुंपण करावे. दोन्ही झुडपे फांद्यांपासून सहज लागतात. शेळ्या अडुळशास सहसा तोंड लावीत नाहीत, हा आपल्याकडे लहान लाभ नव्हे. अंगणात कडुनिंब असल्यास त्यावर गुळवेल चढवावी. पारिजातक पूर्वेस, सकाळच्या उन्हात लावावा.

या झाडोऱ्याखालील ओलसर जमिनीत मंडूकपर्णी, पिंपळी व आंबेहळद चांगली पोसतात. येथेच एका जुन्या संभ्रमाचा विचार करणे अगत्याचे आहे. आपल्याकडे ‘ब्राह्मी’ म्हणून हाती येणारे रोप पुष्कळदा मंडूकपर्णीचे असते. दोन्ही मेध्य खऱ्या, परंतु एक नव्हेत. चरकाने रसायनाध्यायात सांगितलेल्या चार मेध्य रसायनांत मंडूकपर्णीचा स्वरस आहे. सुश्रुताने दोहोंचे प्रयोग स्वतंत्र दिले आहेत. मंडूकपर्णीचे पान लांब देठाचे, वृक्काकार व दंतुर कडांचे असते. ब्राह्मीची पाने लहान, मांसल, बिनदेठाची व समोरासमोर असून चवीस अत्यंत कडू लागतात. तिला पाणथळ जागा हवी. मोरीनजीक बिनछिद्राच्या पसरट कुंडीत ती उत्तम वाढते. दोन्ही कुंड्या शेजारी ठेवल्यास विद्यार्थ्यांना ग्रंथापेक्षा लवकर भेद कळतो.

शोभेसाठी लावली जाणारी पिवळी कण्हेर व कळलावी मात्र मुलांच्या वावरापासून दूर ठेवावी. कण्हेरीचे बी हृदयास घातक, तर कळलावीचा कंद तीव्र विषारी आहे. ठिपकेदार पानांचा डिफेनबेकिया चघळल्यास जीभ व घसा सुजतो. दवाखान्याच्या ओसरीवर त्याचे प्रयोजन काय, हे आम्हांस उमगलेले नाही.

सफेद मुसळी ही तर सातपुड्याच्या पानझडी रानातलीच. तिचे कंद बेसुमार उपसले गेल्याने रानात ती विरळ झाली आहे. यास्तव रोपे लागवडीतीलच घ्यावीत, रानातून उपटून आणू नयेत. पावसाळा सरताना तिची पाने पिवळी पडून गळतात व कंद सुप्तावस्थेत जातो. रोप मेले असे समजून अनेकजण ती जागा खणतात किंवा पाणी घालीत राहतात, आणि कंद कुजतो. पाने वाळताच तेथे खुणेची काठी रोवावी व पुढील पावसापर्यंत ती जागा कोरडी ठेवावी.