कलेचे शिक्षण : फी भरण्यापूर्वी हिशेब मांडा

दहावी-बारावीचे निकाल लागले की अ‍ॅनिमेशन, फॅशन डिझाइन, इंटिरिअर, फोटोग्राफी अशा कोर्सच्या जाहिराती सगळीकडे झळकू लागतात. चित्रकलेत हात असलेल्या मुलामुलींना त्यांचे आकर्षण वाटणे साहजिक आहे. यांतील अनेक संस्था नफ्यासाठी चालविल्या जातात. नफा कमावणे हा काही गुन्हा नव्हे. परंतु संस्था जेथे धंदा करीत आहे, तेथे विद्यार्थी हा गिऱ्हाईक असतो आणि गिऱ्हाइकाने माल पारखूनच घ्यायचा असतो.

अमेरिकेतील धडा

अमेरिकेत पिट्सबर्ग येथे १९२१ साली ‘आर्ट इन्स्टिट्यूट’ सुरू झाली. १९७० मध्ये ती एका कंपनीकडे गेली आणि देशभर तिच्या शाखा निघाल्या. १९९६ साली ही कंपनी शेअर बाजारात उतरली. विद्यार्थ्यांची संख्या वाढली, तशा तक्रारीही वाढल्या. जितके प्रवेश जास्त तितका भरती करणाऱ्या नोकरांचा मोबदला जास्त, हा त्यांतील मुख्य आरोप होता. २०१५ साली कंपनीने साडेनऊ कोटी डॉलरहून अधिक रक्कम देऊन सरकारशी तडजोड केली. ३० सप्टेंबर २०२३ रोजी उरलेल्या आठ शाखाही बंद पडल्या. पुढे मे २०२४ मध्ये सरकारने सुमारे ३ लाख १७ हजार माजी विद्यार्थ्यांचे ६१० कोटी डॉलरचे कर्ज माफ केल्याचे जाहीर केले.

सरकारी तपासात काय आढळले ते ध्यानात ठेवण्याजोगे आहे. सरासरी ८२ टक्के विद्यार्थ्यांना आपल्या क्षेत्रात नोकरी मिळते, असे संस्था सांगत असे. प्रत्यक्षात हे प्रमाण ५७ टक्के निघाले. एका शाखेने तर सरासरी पगार फुगविण्यासाठी टेनिसपटू सेरेना विल्यम्स यांची कमाई हिशेबात धरली होती! माफी मिळाली ती सरकारी कर्जाला. खासगी कर्ज आणि वाया गेलेली वर्षे यांची भरपाई तिने झाली नाही.

सरासरीचा फसवा आकडा

समजा, दहा विद्यार्थ्यांपैकी नऊ जणांना १५ हजार रुपये पगार आहे आणि एकाला १ लाख ६५ हजार. सरासरी निघते ३० हजार! जाहिरातीत हाच आकडा छापला जाईल. आकडा खोटा नाही, पण दहांपैकी नऊ जणांच्या हाती त्याच्या निम्मीच रक्कम पडते. म्हणून सरासरी विचारू नका. मागील वर्षी किती जण दाखल झाले, किती जणांनी कोर्स पुरा केला आणि निम्म्याहून अधिक मुलांना किती पगार लागला, हे विचारा.

भांडवलाचा हिशेब

आता घरचा हिशेब करू. सहा लाख रुपये फीसाठी १२ टक्के व्याजाने पाच वर्षांचे कर्ज काढले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १३,३५० रुपये पडतो. सुरुवातीचा पगार १८ हजार असेल, तर हातात राहतात ४,६५० रुपये. मुंबई-पुण्यात एवढ्यात खोलीचे भाडेही निघणार नाही. व्याज टाळणाऱ्या घरांत दागिने किंवा जमीन विकून पैसा उभा केला जातो. तेथे हप्ता नसला, तरी भांडवल जातेच. शिवाय कॉम्प्युटर, सॉफ्टवेअर, कॅमेरा, साहित्य यांचा खर्च फीमध्ये आहे की वेगळा, हेही पाहावे.

फी भरण्यापूर्वी विचारा

१. कागद कोणाचा? पदवी देण्याचा अधिकार १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यानुसार विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे व संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्था यांनाच आहे. इतरांचे ते केवळ प्रमाणपत्र. संस्थेने विद्यापीठाचे नाव सांगितले, तर त्या विद्यापीठाकडेच चौकशी करा.

२. शिकविणारे कोण? ते स्वतः या धंद्यात काम करतात का?

३. मागील वर्षीच्या साधारण विद्यार्थ्यांचे काम पाहावयास मिळेल का? भिंतीवर लावलेले निवडक नमुने पुरेसे नाहीत.

४. मध्येच सोडल्यास किंवा शाखा बंद पडल्यास फी परत मिळेल का? उत्तर लेखी घ्या.

५. “आजच भरा, सवलत उद्या नाही” अशी घाई होते का? होत असेल, तर त्या दिवशी पैसे भरूच नका.

दुसरे मार्ग

मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासून, तर पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट १९६० पासून चालू आहे. आय. आय. टी. मुंबईतही डिझाइनची पदवी घेता येते. प्रवेश कठीण आहे, परंतु एक वर्ष तयारीला दिले तर ते फुकट जात नाही, हात सुधारतोच. दरम्यान एखाद्या छापखान्यात, फोटो स्टुडिओत किंवा साइनबोर्डच्या दुकानात काम केल्यास गिऱ्हाइकाला काय लागते ते कळते.

कलेच्या धंद्यात काम देणारा आधी तुमच्या कामाचे नमुने पाहतो. फी देऊन चांगला शिक्षक, साधने आणि ओळखी मिळत असतील, तर खासगी कोर्सही फायद्याचा ठरतो. केवळ चकचकीत इमारत आणि आश्वासने मिळत असतील, तर तो सौदा तोट्याचा. पालकांनी मुलाचा हात पाहावा, मुलांनी घरची ऐपत पाहावी आणि दोघांनी मिळूनच सही करावी.