जुनी गोळी, नवी परीक्षा

आपल्या कोल्हापूर भागात तंबाखूला तोटा नाही. निपाणीची बाजारपेठ जवळच आहे. पुरुष तंबाखू-चुना मळून गालात धरतात. बाया मिश्री लावतात. तंबाखू रोज बसते त्या जागी कधी पांढरा, कधी तांबडा चट्टा उठतो. तो बहुधा दुखत नाही. म्हणून माणूस तिकडे बघत नाही. पण अशा काही चट्ट्यांचा पुढे कर्करोग होतो.

हा चट्टा तिथेच थोपवता येईल का? त्यासाठी डॉक्टर एक जुनी गोळी तपासून पाहत आहेत. तिचे नाव मेटफॉर्मिन. ही मधुमेहाची गोळी. १९५७ साली फ्रान्समध्ये झाँ स्टर्न या डॉक्टरांनी ती मधुमेहावर चालते, असे दाखवले. ती स्वस्त आहे. तिचे गुणदोष माहीत आहेत.

एका चाचणीत असे चट्टे असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या काही जणांना ती १२ आठवडे दिली. २०२१ साली निकाल छापला गेला. थोड्यांचे चट्टे लहान झाले. बऱ्याच जणांच्या चट्ट्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली आधीपेक्षा बरा दिसला.

मग गोळी सिद्ध झाली का? नाही! असे बघा. सगळ्या उसाला नवे खत घातले आणि ऊस जोमात आला. तो खताने आला की पावसाने? कसे कळणार? अर्ध्या रानाला खत घालावे, अर्धे तसेच ठेवावे, मग वजन करावे. औषधाचेही तसेच. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी द्यावी लागते. शिवाय चट्टा लहान झाला म्हणजे कर्करोग टळला, असे नव्हे. त्यासाठी पुष्कळ माणसे वर्षानुवर्षे तपासावी लागतात.

तोवर शेजारच्या तात्यांची साखरेची गोळी मागून खाऊ नका. मूत्रपिंड बिघडलेल्या माणसाला ती घातक ठरू शकते.

आपल्या हातातला उपाय मात्र पक्का आहे. तंबाखू, मिश्री, गुटखा सोडा. महिन्यातून एकदा उजेडात आरसा धरून तोंड बघा. चट्टा दिसला, फोड पंधरा दिवसांत भरला नाही, तोंड पुरते उघडेना, तर आरोग्य केंद्रात किंवा कोल्हापूरच्या सीपीआर दवाखान्यात दाखवा. दुखायची वाट बघू नका.

प्रश्न :
१. चट्टा दुखत नाही, तरी तो का दाखवावा?
२. निम्म्यांना बिनऔषधाची गोळी का देतात?