पहाटेचे जाळे

चैत्राचे दिवस होते. आम्ही शिरड शहापूरहून सिद्धेश्वर धरणावर गेलो. रात्री एका भोईमामांच्या घरी उतरलो. पहाटेच मामांनी हाक मारली, "उठा गुरुजी, जाळं काढायची येळ झाली."

पूर्णा नदीवर इथे दोन धरणे आहेत. वर येलदरी आणि खाली सिद्धेश्वर. उन्हाळ्यात पाणी मागे हटते. आम्ही ओल्या चिखलातून काठाशी गेलो. मामा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून आत गेले.

जाळे संध्याकाळी लावतात. का बरे? अंधारात माशाला जाळ्याचा धागा दिसत नाही. मासा पोहत येतो. त्याचे डोके जाळ्याच्या भोकात शिरते. मागे सरावे, तर कल्ले अडकतात. मग जाळे पहाटेच का काढायचे? ऊन चढले की मेलेला मासा लवकर नासतो. पहाटे काढलेली मासळी ताजी बाजारात जाते.

मामा परत आले. दोन मोठे कटले होते. बाकी सारे रोहू, पण तळहाताएवढे.

मामा म्हणाले, "समदी पोरंच आली बघा."

आम्ही म्हणालो, "मग पाण्यात सोडा की!"

"सोडून काय करू? मेलीत ती."

मामांचे खरे होते. चूक सोडण्यात नव्हती, जाळ्यात होती. जाळ्याची भोके बारीक होती. भोके मोठी असती, तर लहान मासा आरपार निघून गेला असता.

आता हिशेब करू या. समजा, एक लहान मासा 200 ग्रॅमचा आहे. असे 10 मासे धरले. वजन झाले 2 किलो. तेच मासे वर्षभर राहू दिले. त्यांतले 2 मेले असे धरू. उरले 8. चांगल्या पाण्यात एकेक मासा किलोभराचा होईल. वजन झाले 8 किलो! शिवाय मोठ्या माशाला भावही बरा मिळतो.

दुसरी गोष्ट. रोहू, कटला, मृगळ हे मासे पावसाळ्यात, पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. धरणाच्या साचलेल्या पाण्यात त्यांची वीण नीट होत नाही. म्हणून बाहेरून बोटुकली आणून सोडावी लागते. बोटुकली म्हणजे बोटाएवढे पिल्लू. पूर्वी हे बी नदीतून गोळा करीत. 1957 साली ओडिशात हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञांनी माशाला सुई टोचून अंडी घालायला लावली. तेव्हापासून बी तयार करता येऊ लागले. अमेरिकेतही असेच आहे. तिथे अंगावर पट्टे असलेला एक मासा असतो. त्याचीही अंडी वाहत्या पाण्यात जगतात. म्हणून तिथल्या बऱ्याच तलावांत पिल्ले आणून सोडतात.

म्हणजे बोटुकलीला पैसे पडतात. ती वाढण्याआधीच धरली, तर पेरलेले बी उकरून खाल्ल्यासारखे झाले.

आम्ही हे मामांना सांगितले. मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, समदं पटतं. पण आज घरात पीठ न्हाई. अन् म्या सोडला, तर दुसरा धरतोच की!"

या बोलण्याला उत्तर एकट्या मामांजवळ नाही. धरण साऱ्यांचे, मासाही साऱ्यांचा. म्हणून नियमही साऱ्यांनी मिळून करावा. मच्छीमारांची सहकारी संस्था असते, ती यासाठीच. तिच्या सभेला जावे. जाळ्याच्या भोकाचे माप ठरवावे. ठराव कागदावर लिहावा. अंगठा न उठवता आधी वाचावा, मग सही करावी. आता आपल्याला वाचता येते ना?

निघताना मामा म्हणाले, "पुढच्या सभेला म्या बोलतो. हा हिशेब तेवढा कागदावर लिहून द्या."

आम्ही म्हणालो, "मामा, तुम्हीच लिहा. आम्ही शेजारी बसतो."

मामांनी पाटी घेतली. पहिला आकडा लिहिला : 10.

प्रश्न
1. जाळे संध्याकाळी का लावतात?
2. जाळ्याची भोके मोठी का असावीत?
3. 200 ग्रॅमच्या 15 माशांचे वजन किती? लिहून काढा.