बटन दाबणाऱ्याला काय माहीत हवे?

ऐन उन्हाळ्यात उसाला पाण्याची पाळी यावी आणि नेमकी तेव्हाच मोटार जळावी, हा अनुभव आपणांपैकी बहुतेकांना आला असेल. दोष आपण विजेला देतो, नाहीतर पाणक्याला. पण हिरवे आणि लाल बटन दाखवण्यापलीकडे पाणक्याला आपण काही सांगतो का? त्याने मोटार भरायला शिकावे, असे आमचे म्हणणे नाही. स्टार्टर का पडतो, एवढे मात्र रोज बटन दाबणाऱ्याला कळलेच पाहिजे.

स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो. त्यात दोन निरनिराळ्या धातूंच्या जोडपट्ट्या असतात. करंट वाढला की त्या तापून वाकतात आणि मोटार बंद पडते. चालू मोटारीचा एक फेज गेला, तर तेवढ्याच भाराला उरलेल्या दोन तारांतून साधारण पावणेदोन पट करंट वाहतो. बंद मोटार अशा वेळी सुरू केली तर फिरत नाही, नुसती घुमते. तेव्हा स्टार्टर पडणे हा इशारा समजावा. पाणी थांबले तर मालक रागावेल, या भीतीने कोणी रिले काढून वायर सरळ जोडतो आणि मोटार जळते.

रिलेवरचा आकडाही पाहावा. मोटारीच्या पाटीवर पूर्ण भाराचा करंट लिहिलेला असतो. साध्या डायरेक्ट स्टार्टरला तोच आकडा लावावा. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले बहुधा वाइंडिंगच्या बाजूला असतो. तेथे पाटीवरच्या करंटच्या ५८ टक्के आकडा लागतो. पाटीवर १४ अँपियर असेल तर रिले ८ वर हवा. तो १४ वर ठेवला, तर रिले असून नसल्यासारखाच.

म्हणून पाणक्याजवळ उभे राहून त्याला तीन गोष्टी शिकवाव्यात. एक, सुरू करण्यापूर्वी पेटीवरचे तिन्ही फेजचे दिवे लागलेले पाहावेत. दोन, स्टार्टर पडला तर लगेच बटन दाबू नये, पट्ट्या निवू द्याव्यात; पुन्हा पडला तर वायरमनला बोलवावे. तीन, पेटीला किंवा पंपाला हात लावण्यापूर्वी मेन स्विच खाली ओढावा. ऑटो स्विच असेल तर वीज येताच मोटार आपोआप सुरू होते, हे त्याला आवर्जून सांगावे. जळालेली मोटार पुन्हा भरून मिळते. माणूस गेला तर परत येत नाही.